दुसऱ्या कंपनीच्या विमानातली रिकामी जागा: केबिन क्रूला ती कशी मिळते आणि युनियन त्यासाठी काय करू शकते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई अमेरिकेतील एका मोठ्या विमान कंपनीत फ्लाइट अटेंडंट आहेत. त्यांचे घर नॉर्थ कॅरोलायनातील रॅलेजवळ आहे आणि बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ, न्यू यॉर्कजवळचा नेवार्क. यजमान दुसऱ्या कंपनीत पायलट असून ते जवळजवळ कोणत्याही अमेरिकी कंपनीच्या जंपसीटवर (क्रूसाठीच्या जादा खुर्चीवर) बसून कामावर जातात. ताईंना मात्र स्वतःच्या कंपनीच्या विमानात जागा मिळाली नाही की समोरच्या गेटवरून सुटणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या विमानात, काही जागा रिकाम्या दिसत असूनही, चढता येत नाही. त्यांनी विचारले आहे की हा फरक का आहे, आमची युनियन याबाबत नेमके काय करते, येत्या करारात ही सवलत मिळेल का, आणि तोपर्यंत घर हलवावे की असेच ये-जा करत राहावे.

मी अमेरिकेत बरीच वर्षे केबिन क्रूमध्ये काम केले असून त्यातील मोठा काळ युनियनच्या लोकलमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, जंपसीट आणि कम्यूटरांच्या, म्हणजे दुसऱ्या शहरातून विमानाने कामावर येणाऱ्यांच्या, तक्रारी हे काम माझ्याकडे होते. त्या अनुभवावरून लिहिते. मात्र प्रत्येक कंपनीचा करार, विमानाचा प्रकार, तुमची सीनियॉरिटी आणि त्या मार्गावरची गर्दी यांवर उत्तर बदलते, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या कराराचे पुस्तक शेजारी ठेवूनच पुढचे वाचा.

तुम्ही ‘मोफत प्रवास’ असे शब्द वापरले आहेत, पण तुमची खरी अडचण पैशांची नाही. दुसऱ्या कंपनीचे सवलतीचे स्टँडबाय तिकीट, म्हणजे जागा उरली तरच चढू देणारे तिकीट, तुम्हाला आजही मिळते. ‘झेड’ दर म्हणून ओळखली जाणारी, अंतराच्या टप्प्यांनुसार ठरलेली ही आंतरकंपनी सवलत जगभरच्या विमान कर्मचाऱ्यांना उपलब्ध आहे. पण ते तिकीट घेऊन तुम्ही यादीत उभ्या राहता तेव्हा त्या कंपनीचे सगळे कर्मचारी, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांनी पास दिलेले पाहुणेही बहुधा तुमच्या पुढे असतात. तुम्हाला हवी आहे ती कामावर वेळेत पोहोचण्याची खात्री, आणि ती अशा तिकिटातून मिळत नाही. युनियनने मागायची गोष्टही हीच आहे. मागणी सवलत म्हणून मांडली की कंपनी ती चैनीच्या रकान्यात टाकते. वेळेवर हजर राहण्याचे साधन म्हणून मांडली की क्रू शेड्युलिंगचा विभागसुद्धा आपल्या बाजूने बोलू लागतो. हे मी वाटाघाटींच्या टेबलावर पाहिलेले आहे.

आता तुमच्या यजमानांचा फरक. पायलटांची जंपसीट कॉकपिटमध्ये असते आणि ती प्रवाशाला कधीच विकता येत नाही. तिच्यावर कोणाला बसू द्यायचे याचा अंतिम अधिकार कॅप्टनकडे असतो, आणि कंपन्यांमधील परस्पर करारांमुळे ही प्रथा पायलटांमध्ये खोलवर रुजलेली आहे. त्यांची संघटना ‘अल्पा’ 1931 सालची आहे, आणि जंपसीटचा हक्क जपण्याचे काम तिच्या समित्या सातत्याने करत आल्या आहेत. तरीही 2001 च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर दुसऱ्या कंपनीच्या पायलटांसाठी कॉकपिटचे दार बंद झाले होते. ते पुन्हा उघडले ते ‘कास’ नावाची संगणकीय पडताळणी व्यवस्था उभी राहिल्यावर. समोर उभा असलेला माणूस खरोखर त्या कंपनीत आज नोकरीवर आहे का, त्याचे लायसन्स चालू आहे का, हे गेट एजंटला काही क्षणांत कळू लागले, तेव्हाच हे पुन्हा शक्य झाले. हा तपशील मी मुद्दाम सांगते, कारण कोणत्याही परस्पर व्यवस्थेचा कणा हाच आहे. सद्भावना कितीही असली तरी गेटवर ओळख पटवण्याची सोय नसेल तर करार कागदावरच राहतो.

केबिन क्रूच्या बाबतीत ही ओळख पटवण्याची सोय उशिरा आली. फ्लाइट अटेंडंटला एफएए या सरकारी विमान वाहतूक संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र मिळावे यासाठी आपल्या युनियनांना दीर्घकाळ झगडावे लागले; 2003 च्या कायद्याने ते मान्य झाले आणि 2004 च्या अखेरीपासून ते लागू झाले. सुरक्षा तपासणीतील क्रूसाठीच्या वेगळ्या मार्गिकेचीही तीच कथा आहे. ‘नोन क्रूमेंबर’ ही योजना आधी केवळ पायलटांसाठी सुरू झाली आणि युनियनांनी पाठपुरावा केल्यावर 2012 मध्ये फ्लाइट अटेंडंटना तिच्यात घेण्याचा निर्णय झाला. या दोन्ही गोष्टींनी दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा मिळत नाही, हे खरे. पण ‘ही व्यक्ती कोण आहे हे आम्ही कसे ठरवणार’ हा कंपन्यांचा जुना आक्षेप त्यांनी बराचसा निकालात काढला, आणि आजची आपली मागणी त्याच पायावर उभी आहे.

जागेविषयी बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे केबिनमधली जंपसीट, म्हणजे दारापाशी किंवा गॅलीजवळची (विमानातल्या स्वयंपाकघराजवळची) घडीची खुर्ची. दुसरी म्हणजे प्रवाशांच्या जागांपैकी उड्डाणाच्या वेळी रिकामी राहिलेली एखादी जागा. अमेरिकी नियमानुसार विमानात साधारणपणे दर पन्नास जागांमागे किंवा त्याच्या अंशामागे एक फ्लाइट अटेंडंट लागतो. त्यामुळे 175 जागांच्या बोइंग 737 वर किमान चौघे असतात आणि विमानाच्या रचनेनुसार एखाद-दुसरी घडीची खुर्ची मोकळी राहू शकते. याउलट पन्नास आसनी छोट्या जेटवर एकच फ्लाइट अटेंडंट असतो आणि जास्तीची खुर्ची जवळजवळ नसतेच. स्वतःच्या कंपनीत तुम्ही त्या मोकळ्या खुर्चीवर बसू शकता, कारण त्या विमानाचे दार कसे उघडते, आपत्कालीन घसरगुंडी (स्लाइड) कशी सोडायची, धूर झाल्यास कोणत्या दाराकडे लोकांना वळवायचे, हे तुम्ही शिकलेले असता. दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच प्रकारचे असले तरी तिथल्या आज्ञा, साहित्याच्या जागा आणि कार्यपद्धती वेगळ्या असतात. म्हणून आपत्कालीन दारापाशी परक्या कंपनीच्या माणसाला बसवण्यास सुरक्षा विभाग कचरतो. हा आक्षेप मला अगदी अवाजवी वाटत नाही.

त्यामुळे माझ्या माहितीतले बरेचसे परस्पर करार मधला मार्ग काढतात: प्रवासी, तिकिटावरचे स्टँडबाय आणि त्या कंपनीचे स्वतःचे कर्मचारी बसून झाल्यावरही जागा रिकामी असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या फ्लाइट अटेंडंटला ती विनाशुल्क द्यायची, घडीच्या खुर्चीला हात लावायचा नाही. काही ठिकाणी खुर्चीही दिली जाते, पण ती अटींसह. तुमच्या युनियनच्या पत्रकात ‘केबिन सीट’ आणि ‘केबिन जंपसीट’ यांपैकी नेमका कोणता शब्द आहे हे आधी पाहा, कारण भरलेल्या विमानात पहिल्याचा काहीच उपयोग होत नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी रॅलेहून न्यू यॉर्ककडे जाणारी विमाने बहुधा भरलेलीच असतात.

ही सवलत कंपनीला महागात पडते असे व्यवस्थापन कधीकधी सांगते. त्यावर आपल्याकडे चांगले उत्तर आहे आणि ते थेट करकायद्यात आहे. अमेरिकेच्या महसूल कायद्यात 1984 पासून अशी तरतूद आहे की ज्या सेवेसाठी मालकाला विशेष जादा खर्च येत नाही आणि ज्यामुळे त्याचे उत्पन्न बुडत नाही, अशी सेवा कर्मचाऱ्याला दिल्यास ती करपात्र उत्पन्न धरली जात नाही. सुटणाऱ्या विमानातली न विकलेली जागा हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच कायद्यात पुढे म्हटले आहे की एकाच व्यवसायातील दोन मालकांनी परस्पर लेखी करार केला, तर एकाच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्याने दिलेली अशी सेवाही त्याच सवलतीत बसते. म्हणजे कायदा या व्यवस्थेला वाव देतो, पण तिच्यासाठी लेखी करार मागतो. दोन स्टेशन मॅनेजरांच्या ओळखीवर चाललेली सोय कितीही जुनी असली तरी ती व्यक्ती बदलली की संपते. युनियन कागदाचा आग्रह धरते त्याला हेही एक कारण आहे.

आता युनियनच्या मर्यादेकडे येते, कारण तुमचा राग मुख्यतः तिच्यावर आहे. परस्पर करार हा दोन कंपन्यांमधला असतो. तुमची युनियन स्वतःच्या कंपनीला टेबलावर बसवू शकते, पण समोरच्या कंपनीला बसवण्याचा कायदेशीर अधिकार तिच्याकडे नाही. समोरच्या कंपनीतही युनियन असेल तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाब आणता येतो. ‘एएफए’ ही युनियन एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या फ्लाइट अटेंडंटचे प्रतिनिधित्व करते, युनायटेड आणि अलास्कापासून छोट्या प्रादेशिक कंपन्यांपर्यंत, त्यामुळे तिच्या आतल्या आत हा समन्वय तुलनेने सोपा जातो. अमेरिकन एअरलाइन्समध्ये ‘एपीएफए’ ही स्वतंत्र संघटना आहे, साउथवेस्टमध्ये ‘टीडब्ल्यूयू’ या वाहतूक कामगार युनियनची लोकल 556, तर जेटब्लूच्या केबिन क्रूने 2018 मध्ये टीडब्ल्यूयूच्या बाजूने मत दिले. या वेगवेगळ्या युनियनांच्या जंपसीट समित्या एकमेकींशी बोलतात, आणि तेच बोलणे बहुतेक करारांची सुरुवात असते. डेल्टामध्ये मात्र 2010 च्या मतदानात युनियनला थोडक्यात बहुमत हुकले आणि तिथले फ्लाइट अटेंडंट करारबद्ध प्रतिनिधित्वाबाहेर राहिले. अशा कंपनीशी व्यवस्था करायची असेल तर तुमच्या व्यवस्थापनाने त्यांच्या व्यवस्थापनाशीच बोलावे लागते. आपल्या बाजूने बोलणारे तिथे कोणी नसते. रॅलेहून जेएफके आणि लागार्डियाला जाणाऱ्या विमानांत डेल्टाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे तुमच्यासाठी हा मुद्दा प्रत्यक्षात महत्त्वाचा ठरतो.

एक मोठा गैरसमज मात्र दूर केला पाहिजे: अशी सवलत केवळ मुख्य कराराच्या वाटाघाटींतूनच मिळते असे नाही. विमान कंपन्यांचे कामगार संबंध रेल्वे लेबर ॲक्टखाली येतात. हा कायदा 1926 चा आणि विमान कंपन्यांना तो 1936 मध्ये लागू झाला. त्याखालचे करार मुदतीनंतर रद्द होत नाहीत, ते फक्त दुरुस्तीसाठी खुले होतात आणि नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. त्यामुळे वाटाघाटी वर्षानुवर्षे लांबू शकतात. युनायटेडच्या फ्लाइट अटेंडंटनी जुलै 2025 मध्ये प्रस्तावित करार सुमारे 71 टक्के मतांनी फेटाळला. अशा वेळी टेबलावर पगार, विमान सुटण्यापूर्वीच्या कामाचा मोबदला, रिझर्व्हवरच्या, म्हणजे ऐनवेळी बोलावण्यासाठी राखून ठेवलेल्या, लोकांची अवस्था हे विषय असतात; कम्यूटरांची जागा मागे ढकलली जाते, कारण बेसमध्येच राहणाऱ्या सभासदांना तिची गरज वाटत नाही. म्हणून आम्ही नेहमी स्वतंत्र पूरक पत्राचा रस्ता धरत असू. कंपनीला पैसे मोजावे लागत नाहीत अशी गोष्ट दोन्ही बाजूंच्या सहीच्या एका पत्राने मुख्य करार उघडल्याशिवायही होऊ शकते. येत्या करारात हे मिळेल का, याला माझे प्रामाणिक उत्तर असे की कदाचित नाही. पण करारांच्या मधल्या काळात मिळण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त आहे.

सही झाल्यानंतरचे काम लोकांना दिसत नाही, आणि माझ्या मते खरी लढाई तिथेच असते. एका कंपनीशी व्यवस्था झाल्यानंतर पहिल्या आठवड्यांत आमच्या सभासदांना तिच्या गेटवरून परत पाठवले जात होते. मी स्वतः एका सायंकाळी त्या गेटवर उभी होते. गेट एजंटने माझा बॅज पाहिला, पडद्यावर दोन-तीन याद्या उघडून पाहिल्या आणि शांतपणे सांगितले की परक्या कंपनीच्या केबिन क्रूसाठी तिच्या प्रणालीत रकानाच नाही. तिने मला सर्वसाधारण स्टँडबायच्या शेवटी टाकले. दार बंद झाले तेव्हा मागच्या बाजूला जागा रिकाम्या होत्या, आणि विमान धक्का देऊन मागे सरकेपर्यंत मी त्या खिडक्यांकडे पाहत होते. तिची चूक नव्हती. तिला कोणी काही सांगितलेलेच नव्हते. त्यानंतर आमच्या समितीने दोन गोष्टी केल्या. एक, समोरच्या युनियनमार्फत त्या कंपनीच्या गेट प्रशिक्षण विभागापर्यंत नेमकी प्रक्रिया पोहोचवली: कोणता कोड टाकायचा, ओळख कशी तपासायची, प्राधान्यक्रम काय. दोन, आमच्या सभासदांसाठी बॅजच्या मागे बसेल एवढ्या आकाराचे कार्ड छापले, ज्यावर त्या कंपनीच्या नियमपुस्तकातील कलमाचा क्रमांक होता, म्हणजे गेटवर वाद न घालता एजंटला ते स्वतः उघडून पाहता यावे. नंतरच्या तक्रारी लक्षणीयरीत्या कमी झाल्या.

याच अनुभवातून मी सगळ्यांना सांगते की गेटवर आपण हक्क मागणारे नसून पाहुणे असतो. कपडे नीटनेटके असावेत, एजंट रिकामी झाल्यावरच पुढे जावे, कॅप्टन आणि पर्सर (केबिन क्रूचा प्रमुख) यांना आपली ओळख सांगून परवानगी घ्यावी, आणि जागा दिल्यावर विमानात केबिन क्रूला मदत लागली तर विचारावे. परस्पर व्यवस्था टिकवायची असेल तर समोरच्या कंपनीला ती नकोशी होता कामा नये, आणि एका बेपर्वा सभासदामुळे संपूर्ण गटाची सोय बंद झाल्याची उदाहरणे आपल्या पेशात आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्याविषयी तुम्ही विचारलेच नाही. दुसऱ्या कंपनीची जागा उपलब्ध झाली तरी ती कधीच शंभर टक्के खात्रीची नसते, म्हणून तिच्या जोडीला करारात कम्यूटर कलम असणे अत्यावश्यक आहे. या कलमाचा साधारण आशय असा असतो की फ्लाइट अटेंडंटने रिपोर्टिंगच्या वेळेआधी पोहोचू शकतील अशा ठरलेल्या संख्येच्या, बहुधा दोन, विमानांसाठी नाव नोंदवले, त्या वेळी जागा उपलब्ध दिसत होत्या, आणि तरीही तिला चढता आले नाही, तर वेळेत कळवल्यास तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई होत नाही. त्या दिवसाचा पगार जाईल, कदाचित नंतर दुसरी ट्रिप करावी लागेल, पण हजेरीच्या नोंदीत काळी खूण येत नाही. माझ्या मते युनियनने परस्पर जागा आणि कम्यूटर कलम या दोन मागण्या एकत्रच ठेवाव्यात. नुसती जागा मिळाली तर ती आशेची गोष्ट राहते. नुसते कलम मिळाले तर लोक कारवाईपासून वाचतात पण कामावर पोहोचत नाहीत, आणि कंपनीला पुढच्या वाटाघाटीत ते कलम काढून टाकण्याचे निमित्त मिळते.

शिवाय या कलमातला एक बारीक शब्द तपासा: नाव नोंदवायची ती दोन विमाने फक्त स्वतःच्या कंपनीची असावीत, की दुसऱ्या कंपनीचीही चालतात? आम्ही एक ग्रीव्हन्स (करारभंगाची औपचारिक तक्रार) याच शब्दावर लढवली होती. आमच्या सभासदाने एक विमान स्वतःच्या कंपनीचे आणि दुसरे परस्पर करार असलेल्या कंपनीचे धरले होते. व्यवस्थापनाने दुसरे मोजायला नकार दिला आणि तिच्या नावावर गैरहजेरी लावली. कलमात ‘विमान’ एवढाच शब्द होता, ‘कंपनीचे विमान’ असे नव्हते, आणि त्या एका शब्दाने प्रकरण आमच्या बाजूने लागले. पूरक पत्र लिहिताना तेव्हापासून आम्ही परस्पर विमानांचा उल्लेख कम्यूटर कलमात स्पष्टपणे करून घेऊ लागलो.

कंपनीसमोर मांडायचा आणखी एक युक्तिवाद आहे, आणि तो मी मोठ्या गांभीर्याने मांडते. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळले आणि पन्नास लोक गेले. त्यातील सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून मेंफिसमार्गे, देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, नेवार्कला कामावर आली होती. अपघाताची कारणे अनेक होती, पण त्यानंतर कम्यूटिंग आणि थकवा यांचा संबंध अमेरिकेत गंभीरपणे अभ्यासला गेला. केबिन क्रूला किमान दहा तासांची अखंड विश्रांती देणारा नियम 2022 मध्ये झाला, त्यासाठीही आपल्या युनियनांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. मात्र ती विश्रांती कंपनीच्या दृष्टीने ड्युटी संपल्यापासून पुढच्या ड्युटीपर्यंत मोजली जाते. त्यात तुम्ही विमानतळाच्या बाकावर बसून तिसऱ्या विमानाची वाट पाहत होता का, हे कोणी पाहत नाही. ज्या मार्गावर चार कंपन्यांची विमाने उडतात तिथे चारही कंपन्यांमध्ये जागा मिळू शकली, तर क्रू आदल्या दिवशी दुपारी निघण्याऐवजी योग्य वेळी निघेल आणि झोपून कामावर येईल. प्रवाशांची सुरक्षितता आणि आपली सोय इथे एकाच दिशेला आहेत.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे आणि ती तुमच्या लक्षात आली नसावी असे वाटते. तुमचे यजमान दुसऱ्या कंपनीत पायलट आहेत, म्हणजे तुम्ही त्या कंपनीच्या पास योजनेत पत्नी म्हणून नोंदलेल्या असू शकता. त्या नात्याने त्यांच्या विमानांच्या स्टँडबाय यादीत तुमचा क्रम परक्या कंपनीच्या कर्मचाऱ्यापेक्षा वर लागतो. पण सावधगिरी ठेवा: काही कंपन्यांच्या पास नियमांत पास व्यावसायिक कामासाठी वापरू नये असे कलम असते, आणि दुसऱ्या मालकाच्या नोकरीवर जाणे त्यात बसते की नाही याचे उत्तर प्रत्येक कंपनीत वेगळे मिळते. यजमानांनी आपल्या पास विभागाला हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे, कारण नियमभंगाचा ठपका आला तर पास त्यांचाही जाऊ शकतो. उलट, तुमच्या युनियनने मिळवलेल्या परस्पर करारात कुटुंबीय सहसा येत नाहीत. तो कर्मचाऱ्यापुरताच असतो.

जागा कोणत्या विमानतळापर्यंत मिळते हेही नीट पाहा. जेएफकेला उतरणे म्हणजे नेवार्कला पोहोचणे नव्हे. जेएफकेची एअरट्रेन घेऊन जमैका, तिथून लाँग आयलंड रेल्वेने पेन स्टेशन, मग न्यू जर्सी ट्रान्झिटने नेवार्क विमानतळाचे स्थानक आणि तिथून पुन्हा विमानतळाची गाडी, असा प्रवास ट्रॉली बॅग ओढत करायला दोन तास सहज लागतात, रात्री उशिरा त्याहूनही जास्त. पहाटेचे रिपोर्टिंग असेल तर नेवार्कच्या बाजूलाच क्रॅश पॅडमधली (क्रूने मिळून भाड्याने घेतलेल्या घरातली) एक खाट भाड्याने ठेवावी लागेल. न्यू यॉर्कला क्वीन्समधील क्यू गार्डन्समध्ये अशी घरे क्रूसाठी अनेक वर्षांपासून प्रसिद्ध आहेत, पण ती जेएफके आणि लागार्डियाच्या बेससाठी सोयीची आहेत, तुमच्यासाठी नाहीत.

राहायचे की हलायचे, हे मी तुमच्यावतीने ठरवू शकत नाही. मुलांच्या शाळा, यजमानांचा बेस आणि घराचा हप्ता यांचा हिशेब तुमचाच आहे. माझा निकष एवढाच आहे की तुम्ही रिझर्व्हवर असाल तर परस्पर करार झाला तरी कम्यूटिंग फार जड जाते, कारण बोलावणे कधी येईल याची शाश्वती नसते आणि बेसजवळ राहावेच लागते. ठरलेली लाइन (महिन्याचे निश्चित वेळापत्रक) मिळण्याइतकी सीनियॉरिटी आली असेल, दुपारनंतर सुरू होणाऱ्या आणि सकाळी संपणाऱ्या ट्रिपा बोलीत, म्हणजे सीनियॉरिटीनुसार पसंती देताना, मिळू शकत असतील, तर रॅलेहून ये-जा करणे निभावते आणि परस्पर व्यवस्थेचा खरा फायदा अशाच लोकांना होतो.

आणि युनियनला दोष देण्यापूर्वी तिच्या हाती पुरावा द्या. कम्यूट चुकला की तो दिवस, विमानाचा क्रमांक, नाव किती वाजता नोंदवले, तेव्हा किती जागा दिसत होत्या, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणत्या कंपनीचे विमान रिकाम्या जागा घेऊन गेले, हे लोकलच्या जंपसीट प्रतिनिधीकडे त्याच दिवशी लेखी द्या. वाटाघाटीच्या वेळी ‘आमच्या सभासदांना त्रास होतो’ असे म्हटले तर समोरचे फक्त मान हलवतात. एकाच मार्गावरच्या नोंदींचा गठ्ठा ठेवला आणि त्यातील प्रत्येक नोंदीमागे कंपनीला शेवटच्या क्षणी रिझर्व्ह बोलवावे लागले होते हे दाखवले, तर तेच लोक कागद ओढून घेऊन वाचू लागतात. रॅले मार्गावर तुमच्या बेसचे आणखी कोण ये-जा करतात ते शोधा, सगळ्यांच्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवा, आणि लोकलच्या पुढच्या सभेच्या कार्यसूचीत ‘रॅले–न्यू यॉर्क परस्पर केबिन सीट आणि कम्यूटर कलमातील शब्दरचना’ हा विषय नावानिशी घालून घ्या.